विनापरवाना निर्मूलन

ज्या गोष्टीचं निर्मूलन करायचं, ती गोष्ट आधी जागेवर हजर असावी लागते. पोखर्णीच्या वाटेवरल्या एका गावात रामकिशनराव हे गायरान संवर्धन समितीचे अध्यक्ष. त्यांना हे तत्त्व पुरतं कळलेलं होतं, म्हणून तर त्यांचा गाजरगवत निर्मूलन सप्ताह दर श्रावणात वाजतगाजत पार पडायचा.

पद्धत ठरलेली. गवत पांढऱ्या फुलांनी भरलं की सप्ताह जाहीर करायचा. (फुलाआधी ते फोटोत कोथिंबिरीसारखं दिसतं, आणि कोथिंबीर उपटणाऱ्या साहेबाला कोण मानणार?) जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी हातमोजे घालून पहिलं झाड उपटायचं, बाकीची शाळेतल्या पोरांनी. मग सगळं गवत ट्रॉलीत भरून हलगीच्या तालावर मिरवणूक. देवळापुढून, बुद्धविहारापुढून, शेतांच्या बांधांवरून, कुठलाही भेदभाव न करता बी सांडत ट्रॉली ओढ्याकाठी जाऊन रिकामी व्हायची. समितीच्या पाहणीनुसार गेल्या पाच सप्ताहांत गवत तिपटीनं वाढलं, म्हणजेच निर्मूलनाला वाव तिपटीनं वाढला. एवढी प्रगती तालुक्यात दुसऱ्या कुठल्याच समितीची नव्हती.

अशा भरभराटीत यंदा विघ्न आलं. रामकिशनराव गायरानाची रस्त्याकडेची बाजू बघायला गेले (साहेबांची गाडी जिथं थांबते, तिथलंच गवत निर्मूलनास पात्र असतं), तर तिथं गाजरगवताची काडी नाही. चाऱ्याचं मारवेल गवत गुडघाभर डोलतंय, आणि त्यात त्यांच्या चुलतभावाची बायको दैवशाला शेळ्या चारत निवांत बसलेली.

"वहिनी, हितलं गाजरगवत कुठं गेलं?"

"उपटलं की आमी बायांनी, फुलावर यायच्या आधीच. बघा की भावजी, लय दिसांनी चारा आलाय."

"कुणाला इचारून उपटलं?"

"ते तरी कुणाला इचारून उगवलं व्हतं?"

रामकिशनरावांना मनापासून वाईट वाटलं. माणसानं घाम गाळून कार्यक्रम उभा करावा आणि घरच्याच माणसानं त्याच्या पायाखालची जमीन काढून घ्यावी, हे कुणालाही लागणारच.

त्याच दिवशी समितीची तातडीची बैठक झाली. विनापरवाना आणि विनापाहुणे निर्मूलन केल्याबद्दल दैवशालेला समज देण्यात आली. दुसरा ठराव असा, की ओढ्याकाठची फुलावर आलेली झाडं मुळासकट आणून रस्त्याकडेला लावावीत. त्यासाठी मारवेल कुदळीनं खणून काढलं, टँकरनं पाणी दिलं आणि भोवती तारेचं कुंपण घातलं. (शेळ्या गाजरगवताला तोंड लावत नाहीत, पण संवर्धनात हयगय नको.)

कुंपणाबाहेर दैवशाला शेळ्या घेऊन उभी होती. "माझ्या शेळ्यांचं जाऊ द्या भावजी," ती म्हणाली, "पर तुमची म्हैस बी हितंच चरती न्हवं का?"

रामकिशनरावांना ते पटलं. पण मांडव पडला होता, हलगीवाले ठरले होते. "पुढल्या साली बघू, वहिनी," ते म्हणाले.

साहेब आले. त्यांनी झाडाला हात लावला न लावला तोच ते मुळासकट हातात आलं. (कालच लावलेलं होतं.) साहेब भारावले. "इतकं सहज निघतं," ते भाषणात म्हणाले, "मग लोक उपटत का नाहीत?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाथरीला असाच दुसरा कार्यक्रम असल्यानं साहेब लगेच निघाले, पोरं खिचडी खायला पळाली आणि उरलेली झाडं कुंपणाच्या संरक्षणात बी धरून उभी राहिली.

आता अख्खं गायरान पांढरं आहे. दैवशालेनं शेळ्या विकल्या आणि दिवाळीआधीच नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. अध्यक्षांच्या म्हशीनं दुसरं काहीच नसल्यानं गाजरगवत खाल्लं, तिचं दूध कडू झालं, म्हणून ते कोरा चहा पितात. चहा पिताना कधी कधी त्यांना वहिनीची आठवण येते आणि लय वाईट वाटतं. मग गाजरगवतानं उठलेली खाज कोपरापर्यंत खाजवत ते पुढच्या सप्ताहाच्या तयारीला लागतात. गायरान संवर्धनाचा जिल्हा पुरस्कार त्यांनी डाव्या हातानं स्वीकारला, कारण उजवा खाजवण्यात गुंतला होता.

साहेबांच्या गाडीच्या टायरला चिकटून थोडं बी शहराकडंही गेलं. तुमच्या घराशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर पांढरी फुलं दिसत असतील, तर ती त्यातलीच. पाहुणे ठरेपर्यंत कृपया त्यांना हात लावू नये. तुम्ही आजवर लावला नाहीतच, याबद्दल समिती आपली आभारी आहे.