समितीला दिसलं ते

आमच्या शेजारचे इंगवले आबा फुटबॉलचा सामना कधीच बघत नाहीत. ते फक्त निवड बघतात. अमेरिकेतले व्यावसायिक फुटबॉल संघ दरवर्षी कॉलेजातली पोरं आळीपाळीने निवडून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. एप्रिलअखेरीस हा ड्राफ्ट टीव्हीवर लागला, की आबा अंघोळ करून, पांढरा शर्ट इस्त्री करून, डोक्यावर काळी टोपी चढवून सोफ्याच्या कडेला ताठ बसतात. कोल्हापुरी चपला दाराबाहेर, पायांत सुनेने आणलेले लोकरी मोजे. एकूण थाट मुलाकडच्या मंडळींचा.

आणि बघतात कोणाला? ज्यांचं नाव पुकारलं त्यांना नाही. ज्यांचं अजून पुकारायचंय त्यांना. त्या मोठ्या सभागृहात पोरं नवे कोट घालून आईबापांशेजारी बसलेली असतात. एकेक टेबल टाळ्यांच्या गजरात उठत जातं आणि एखादं पोरगं उगाच फोनशी चाळा करत मागे राहतं. मग आबा सोफ्यावरून अर्धे उठतात. "आरं, त्या पोराला कुणीतरी पाणी द्या रं!"

आता न्यूझीलंडातल्या ऑकलंडच्या फ्लॅट बुश उपनगरातून आपण ओरडलो तर अमेरिकेत पाणी कोण देणार? पण हे आबांना सांगायची कोणाची छाती नाही.

आबा कोल्हापूरचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, बायको गेली, तेव्हापासून दरवर्षी काही महिने मुलाकडे, सुहासकडे येऊन राहतात. सुहास आणि मी एकाच गाडीतून मोटरवेच्या गर्दीत अडकत ऑफिस गाठतो. आम्हाला गल्लीतलं कोणी ओळखत नाही. आबांना सगळे ओळखतात. पोस्टमन दिसला की आबा कुंपणावरून हात करून इथला माओरी नमस्कार घालतात, "किया ओरा, पावणं!" आणि तो गोरा माणूसही "किया ओरा, आबा!" म्हणून पुढे जातो.

कोल्हापुरात फुटबॉल ही पेठेच्या अब्रूची गोष्ट असते. मी पुण्याचा, त्यामुळे हे सांगताना आबा आवाज जरा चढवतात, मला समजायला सोपं जावं म्हणून. पेठेतल्या तालमीच्या संघाची निवड तीन जण करायचे. आबा त्यातले एक. अमेरिकन फुटबॉल त्यांनी एकदाच बघितला आणि निकाल देऊन टाकला. "ह्येला फुटबॉल म्हणत्यात? चेंडू काखंत घालून पळत्यात की समदी!" पण गेल्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाला ड्राफ्टमध्ये पहिली पाळी मिळते, हे मात्र त्यांना फार आवडलं. "ह्ये बरं हाय. मागल्या पंगतीला आधी वाढायचं."

सुहास काही वर्षं अमेरिकेत होता, तिथे त्याला तिथल्या एका संघाचा नाद लागला. त्या संघाची निवड दरवर्षी फसते, असं त्याचं ठाम मत आहे. एकदा त्यांनी आपल्याच गावातलं एक पोरगं सोडून दिलं. ते दुसऱ्या संघात गेलं आणि आता दरसाल येऊन ह्यांनाच धुतं.

"टोटल वेस्ट आहेत हे लोक," सुहास म्हणतो. "विचार करायला ढीगभर वेळ होता. घरचा मुलगा डोळ्यांसमोर होता, तो दिसला नाही?"

"समितीला दिसलं ते समितीनं केलं," आबा म्हणतात. हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

"मग समिती आंधळी होती!"

"निवडणाऱ्याला आजच्या आज निवडाय लागतंय, बाबा. तू धा वर्सांनी शाणा होऊन बोलतोयस."

मी अंपायर. सुहासची बायको स्वाती पोहे देते, मी दोन्ही बाजूंनी खातो. पुष्कळ दिवस मला वाटायचं, काय खेळीमेळीचं घर आहे! मग लक्षात आलं की ड्राफ्ट संपला की हे घर गप्प होतं. "जेवलास?" "हो." "गाडी हळू चालीव." "बरं." बापलेकांचं बोलणं एवढंच.

स्वातीने एकदा कपडे वाळत घालता घालता कुंपणापलीकडून मला खरं काय ते सांगितलं. सुहास सतरा वर्षांचा असताना तालमीच्या संघाची नावं जाहीर झाली. आबांनी स्वतः उभं राहून पुकारली. त्यात सुहासचं नाव नव्हतं. सगळे पांगले तरी तो तालमीच्या पायरीवर बसून होता. त्यानंतर त्याने चेंडूला पाय लावला नाही. "अजून त्याला वाटतं, आपल्याला खेळताच येत नव्हतं," ती म्हणाली. "पण आबांना विचारत नाही. आणि आबाही त्यावर बोलत नाहीत."

यंदा डॉक्टरांनी आबांना सांगितलं, एवढा लांबचा प्रवास आता पुन्हा नको. परतीचं तिकीट पुढच्याच आठवड्याचं होतं. म्हणजे ह्या घरातला हा आबांचा शेवटचा ड्राफ्ट. स्वाती मला म्हणाली, "आता तरी हे दोघं बोलले तर बरं. नाहीतर विमानतळावर पण 'जेवलास का' विचारून आत जातील."

शनिवारी सकाळी आम्ही बसलो. आबांची टोपी, पोहे, सगळं यथासांग. सुहासच्या संघाची पाळी आली, नाव जाहीर झालं आणि टीव्हीवरचा निवेदक हसायलाच लागला. संघाच्या प्रशिक्षकाने चक्क स्वतःचा मुलगा निवडला होता. पडद्यावर तो बाप दिसला. दांडगा गडी, पण सगळ्यांदेखत डोळे पुसत होता.

मी कसला गप्प बसतोय! "घ्या! वशिला! बोला आबा, आता काय दिसलं तुमच्या समितीला?" आणि टाळीसाठी सुहासपुढे हात केला. त्याने टाळी दिली नाही.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "त्येला जमलं," ते म्हणाले. "मला न्हाई जमलं."

मी हात मागे घेतला. स्वाती दारातच थांबली.

सुहासने टीव्हीवरची नजर काढली नाही. "आबा, खरं सांगा. मी बसत होतो का त्या संघात?"

"पयलं नाव तुझंच हुतं. बाकीच्या दोघांनी घेतलं हुतं. मीच नको म्हणालो. म्हटलं, पेठ म्हणंल, इंगवल्यानं पोरगं घुसीवलं. फुडच्या साली घिऊ, असं मनात हुतं. तू परत मैदानावर आलाच न्हाईस. पायरीवर बसला हुतास. मी तुझ्या म्होरनं घरी गेलो. पाणी सुदीक इचारलं न्हाई."

"मला वाटलं, मला येतच नव्हतं."

"ठावं हाय. त्येच सांगाय दरसाली येतोय. आन दरसाली तसाच माघारी जातोय."

इतकी वर्षं मी अंपायर म्हणून बसलो होतो आणि सामना कशाचा चाललाय हे आज मला कळत होतं. आबांचा मला राग आला आणि त्याच क्षणी त्यांची दयाही आली.

टीव्हीवर त्या प्रशिक्षकाच्या मुलाचा जुना खेळ दाखवत होते. तो पळत होता आणि मागून येणारे त्याला सहज गाठत होते. सुहासने पडद्याकडे बोट केलं.

"हा मुलगा टिकायचा नाही, आबा. फार स्लो आहे."

"हाय की," आबा म्हणाले. "तू न्हवतास."