महामार्गाचा पहिला नंबर

जे मोजता येतं ते सुधारता येतं. आणि जे नीट मोजलं, ते सुधारायची गरजच उरत नाही.

रस्तेखात्यातले मापनसाहेब या तत्त्वाला वाहिलेले होते. कोणता रस्ता सायकलवाल्यांना किती सोयीचा, हे ते जीपमधून ठरवत. (सायकलवरून मोजलं तर एका बाजूची भलामण केल्यासारखं होतं.) पाण्याने भरलेला पेला सांडला नाही, की रस्ता गुळगुळीत. पेला शिपाई दोन्ही हातांनी धरून बसे, कारण काच सरकारी. सायकलपट्टीचा वापर तर चोवीस तास आढळला. तिच्यावर मोटारी उभ्या असत, पण वापर तो वापर.

सगळ्यात जास्त गुण सुरक्षिततेला होते, आणि तिथे महामार्गाने बाजी मारली. वर्षभरात एकाही सायकलवाल्याला साधं खरचटलंही नव्हतं. (वर्षभरात एकही सायकलवाला तिकडे फिरकला नव्हता, पण तो रकाना वेगळा.) हारतुरे झाले, 'सायकलींसाठी पहिला नंबर' अशी पाटी लागली. साहेबांच्या गॅलरीतून ती झकास दिसे.

पंचाईत केली ती घरच्याच माणसाने. लेकीची शाळा त्याच महामार्गावर. वाढदिवसाची सायकल गॅलरीत उभी होती, आणि रस्ता चांगला झाला की खुशाल जा, असा शब्द साहेबांनीच दिला होता. सोमवारी सकाळी पोरगी हेल्मेट घालून दारात हजर. शब्द म्हणजे शब्द, असं तिचं म्हणणं.

खालून एक ट्रक धडधडत गेला, खिडकीची तावदानं थरथरली. साहेबांनी चटकन दार लावून घेतलं. पण माणूस खात्यात मुरलेला. त्यांनी शांतपणे समजावलं, की आजवर तिथे अपघात नाही, कारण सायकल नाही. एक जरी सायकल उतरली, तरी अपघाताला वाव मिळतो आणि नंबर जातो.

"म्हणजे बाबा, धोका मीच?"

"रस्त्याच्या बाजूने बघितलंस तर, हो."

पोरीने हेल्मेट काढलं. आता साहेब तिला जीपमधून सोडतात. शाळेच्या फाटकाशी मोटारींची ही रांग लागते. प्रत्येकीत एकेक बाप आणि एकेक पोर. रस्त्यावर मोटारी फार झाल्यात, म्हणून सायकल नको, यावर सगळ्यांचं एकमत.

गॅलरीतल्या सायकलीवर हल्ली टॉवेल वाळतात. तुमच्या घरच्या सायकलीवर काय वाळतं? संकोच नको. महामार्गाचा यंदाही पहिला नंबर आलाय, आणि त्यात तुमचाही वाटा आहे.