नानांच्या दमणीचा खर्ज

माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ गाढवपणा झाला. पण त्यातला अव्वल गाढवपणा म्हणजे सोळाव्या वर्षी मी माझ्या जुन्या लुगड्याचा हातभर तुकडा शेजारच्यांच्या दमणीच्या नरड्यात कोंबला. दमणीला नरडं असतं का, असं तुम्ही विचाराल. नसतंच. साऱ्या ठाणे जिल्ह्यात एकाही दमणीला नव्हतं. आमच्या शेजारच्या नानांच्या दमणीला मात्र होतं, आणि तेही तांब्याचं.

कल्याणला पारनाक्याच्या अलीकडे आमचं घर आणि नानांचं घर लागून लागून. परसू एक, विहीर एक, आणि भांडायला कारण नाही म्हणून सलोखाही एक. नानांची भाताची खाचरं शिळेच्या रस्त्याला होती. सकाळी जेवून दमणीत बसायचं, खाचरं बघायची, उन्हं कलली की परतायचं. दमणी म्हणजे बैलगाडीच, पण हलकी, वर कमान, आणि पळायला अशी चपळ की ओझं वाहणारी गाडी तिच्यापुढे म्हैस वाटावी. त्यात नानांची खिल्लारी जोडी. हौशी माणसाला एवढ्यात सुख वाटलं असतं. नानांना ते वाटेना. त्यांना दमणीचा आवाज पाहिजे होता.

हौशी गाडीवाले तेव्हा आसावर काशाच्या सैल चकत्या ओवत, म्हणजे चाक फिरलं की त्या खुळखुळत. नानांच्या गाडीलाही त्या होत्या. बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळाही होत्या. पण एका दिवाळीला नानांनी माळा काढून देवळात देऊन टाकल्या.

"का हो नाना? छान वाजत होत्या की," असं आमच्या ह्यांनी विचारलं. हे म्हणजे माझे यजमान. शाळामास्तर होते. त्यांचं नाव मी तेव्हा घेत नव्हते आणि आताही लिहिणार नाही. इतकी वर्षं पाळलेलं म्हातारपणी कशाला मोडा?

नाना म्हणाले, "मास्तर, वरचा सूर हवेत विरतो. खर्ज जमिनीतून चालतो. मला खर्ज पाहिजे."

त्या दिवसापासून खर्ज हे नानांचं दैवत झालं. आमटी उकळली तरी म्हणत, "ऐका, खर्जात उकळतेय." कोणी शिंकला तर म्हणत, "फार वर लागला." माणसाविषयी त्यांचं मत एवढंच होतं, की गाडीनं बोलावं आणि माणसानं गप्प बसावं.

मग ते भिवा तांबटाकडे गेले. भिवानं कपाळावर हात मारला. "नाना, बंब करून देतो, घंगाळ करून देतो, पूजेची पळी करून देतो. गाडीला घसा कुठून आणू?"

"आवाज माझ्या गाडीत आहे रे. घसा तेवढा नाही. तो तू दे."

भिवानं दिला. दोन्ही चाकांपाशी नळीचं एकेक तोंड, म्हणजे चकत्यांची खुळखुळ आत शिरावी. दोन्ही नळ्या गाडीखाली एकत्र यायच्या, आणि पुढे एकच जाड नळी मागच्या बाजूनं बाहेर पडायची. शेवटाला सनईसारखं पसरट तोंड. पहिल्या दिवशी गाडी सुटली आणि असा आवाज निघाला की पारनाक्यावरची कुत्री खाली मान घालून निघून गेली. समोरचे भटजी संध्या करत होते, ते आचमनाचं पाणी गिळायचं विसरले. नाना उतरले, कान तिरपा केला आणि म्हणाले, "अजून वरच आहे." मग दर वर्षी भिवाकडून नळी आणखी जाड करून घेत, आणि आवाज आणखी खाली जाई.

गाडीत बसून गाडीचा आवाज नीट ऐकू येत नाही, ही नानांची मोठी अडचण. म्हणून एकदा त्यांनी आमच्या ह्यांना हाकायला बसवलं आणि आपण कोपऱ्यावर डोळे मिटून उभे राहिले. ह्यांना हाताखाली चाळीस पोरं ठेवायची सवय, बैल कधी ठेवले नव्हते. बैल सरळ काळ्या तलावाकडे गेले आणि पोटापर्यंत पाण्यात जाऊन उभे राहिले. गाडी पाण्यात, हे पाण्यात, आणि नाना काठावरून ओरडताहेत, "मास्तर, पाण्यात गेल्यावर आवाज उतरला! पुन्हा जरा पुढे घ्या!"

दुसऱ्यांदा शिळफाट्यावर ठाण्याच्या एका वकिलाच्या टांग्याशी त्यांची शर्यत लागली. नाना चार हात पुढे होते, पण चौखूर पळताना खर्ज फाटतो म्हणून त्यांनी मध्येच बैल आवरले. वकील जिंकला. नाना घरी येऊन सांगत होते, "त्याचा टांगा नुसता पळतो हो. बोलत नाही!"

गंमत अशी, की हा आवाज फक्त घरी येताना असे. सकाळी निघताना नाना त्या सनईच्या तोंडाला लाकडी झाकण लावत. परतताना वळणावरच्या चिंचेपाशी उतरत, झाकण काढत, आणि मग तो घोगरा गडगडाट करत घरी येत. ज्याला मिरवायचं आहे तो दोन्ही वेळा मिरवील, एवढा साधा विचार माझ्या डोक्यात यायला हवा होता. पण मी तिसरं पुस्तक वाचलेली मास्तरांची बायको. मला विचार करायची गरज वाटत नसे.

घरात नानांखेरीज दोघी. त्यांची आई, म्हणजे मोठ्या काकू, आणि बायको द्वारकावहिनी. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. मोठ्या काकू झोपाळ्यावर बसून उघड म्हणत, "दुसरी करीन त्याची. भिवंडीची मुलगी बघून ठेवलीय." त्या काळी त्यात काही नवल नव्हतं, पहिलीच्या समोरही हे बोलत. नाना त्यावर ना हो म्हणत, ना नाही. म्हणत, "आई, आधी गाडीचा आवाज लागू दे. मग बघू." गाव हसे. गाडीच्या आवाजासाठी लग्न अडवून धरलेला दुसरा माणूस कोणी पाहिला होता?

मात्र मोठ्या काकूंचंही एका ठिकाणी अडत होतं. नाना पायरी चढायच्या आत द्वारकावहिनी ऊन पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभ्या असत. उन्हाळा असो, पाऊस असो, कधी चुकल्या नाहीत. काकू आल्यागेल्याला सांगत, "तेवढा एक गुण आहे हो आमच्या सुनेत. नवऱ्याची चाहूल कशी ती तिला बरोबर लागते. ती चाहूल एकदा चुकली, की मी दुसरीच्या अक्षता काढल्याच समजा."

द्वारकावहिनी अगदी अबोल. पण मी बोलायला लागले की हातातलं काम टाकून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत. मला नुकतीच नवी नथ केली होती. माझी खात्री, की वहिनींना माझी नथ आवडली आहे. मग मी मुद्दाम त्यांच्यासमोर, उजेडात तोंड येईल अशी बसे आणि सावकाश बोले, म्हणजे मोती हलताना दिसावा. आज आठवलं की ती नथ काढून स्वतःलाच टोचावीशी वाटते.

आता माझ्या पराक्रमाकडे येते. माझा पहिला मुलगा तेव्हा दहा महिन्यांचा. दुपारभर रडून उन्हं कलता कलता पाळण्यात निजायचा, आणि मला वाटायचं, आता नानांचा गडगडाट होणार आणि हा उठणार. तो कधी उठत नसे, हे खरं. पण मला वाटायचं. शेवटी एका सकाळी प्राजक्ताची फुलं वेचायच्या निमित्तानं मी त्यांच्या अंगणात गेले, दमणीला लावून ठेवलेलं झाकण काढलं, लुगड्याचा तुकडा काठीनं आत, अगदी आत ढोसला, झाकण लावलं आणि फुलं घेऊन परतले. देवाला ती फुलं वाहिलीही. धाडस बघा माझं!

दुपारी बघते तर शेजारच्या झोपाळ्यावर भिवंडीचे पाहुणे. मुलीचे मामा. मोठ्या काकू त्यांना पन्हं देत होत्या. मी परसदारी उभी राहिले, गंमत बघायला. तिथून एकीकडे रस्ता दिसतो आणि दुसरीकडे द्वारकावहिनींचं स्वयंपाकघर.

दमणी चिंचेपाशी थांबली. नाना उतरले, झाकण काढलं, वर चढले. बैल निघाले. आवाज नाही! साध्या गाडीसारखी नुसती खुळखुळ. नानांनी मागे वाकून बघितलं, बैल आवरायला लागले. पण घरचा वास लागलेले बैल थांबतात होय? मला हसू आवरेना. तशीच हसत मी स्वयंपाकघराकडे बघितलं.

द्वारकावहिनी पाठमोऱ्या बसून तांदूळ निवडत होत्या. उजव्या हातानं निवडत होत्या, आणि डावा पंजा जमिनीवर उताणा नव्हे, पालथा, सपाट टेकलेला होता, ताप बघायला कपाळावर ठेवतात तसा. चुलीवर तांब्यात पाणी ऊन होत होतं.

"वहिनी, गाडी आली!" मी म्हटलं. त्या हलल्या नाहीत. "अहो वहिनी!" नाहीत. मग मी घसा फोडून ओरडले. आमच्या घरात पाळण्यातला मुलगा दचकून उठला आणि रडायला लागला. पाच पावलांवर बसलेल्या वहिनी शांतपणे एक खडा वेचून बाजूला टाकत होत्या.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि पडला तो नथीवर नाही. घुंगुरमाळा का गेल्या, दर वर्षी आवाज खाली खाली का जात होता, खर्ज जमिनीतून का चालायला हवा होता, सगळं एका श्वासात कळलं. माझ्या लुगड्याच्या तुकड्यानं मी त्यांचा नवरा मुका करून ठेवला होता, तोही भिवंडीच्या मामांसमोर.

मी धावले. सोवळं-ओवळं बघितलं नाही, चपळाईनं आत घुसले आणि त्यांचा खांदा धरला. त्या दचकून माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "आले." त्यांनी तांब्या उचलला, पदरात धरला, आणि गेल्या. नाना पहिल्या पायरीवर होते. चेहरा पांढराफटक. वर बघतात तो उंबऱ्यात ही उभी, आणि तांब्यातून वाफ येतेय.

झोपाळ्यावरून मोठ्या काकूंचा आवाज आला, "बघितलंत मामा? आज गाडी मुकी आली, तरी हिला चाहूल लागली! अशी सून दिवा घेऊन शोधलीत तरी मिळायची नाही!" हे कोणापुढे बोलतो आहोत, याचं भान काकूंना राहिलं नाही. मामांना राहिलं. त्यांनी पन्हं संपवलं आणि पगडी उचलली. भिवंडीहून पुन्हा कोणी आलं नाही.

पुढचे दोन दिवस मी तोंड लपवून होते. नळीतून माझं लुगडं निघणार, काठ ओळखणार, आणि मोठ्या काकू ह्यांच्याकडे तक्रार नेणार. दोन्ही दिवस दमणी दुपारी भलतेसलते आवाज काढत होती. एकदा खोकली, एकदा घोरली. मला वाटलं, ही माझ्या शिक्षेची तयारी.

मी हे कोणाला सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. आता काकू नाहीत, नाना नाहीत, द्वारकावहिनीही गेल्या. दुसरी बायको नानांनी शेवटपर्यंत केली नाही, कारण गाडीचा आवाज अजून लागायचा होता. तो लागला आहे, हे आईला त्यांनी कधीच कळू दिलं नाही. मला मात्र कळवलं.

तिसऱ्या दिवशी ते आमच्या ओटीवर आले. परक्या बाईशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती, म्हणून पाळण्याकडे बघत उभे राहिले. हातात धुऊन, घडी घालून आणलेलं माझं निळ्या काठाचं फडकं होतं. ते त्यांनी पाळण्याच्या दांडीवर ठेवलं आणि म्हणाले,

"वहिनी, हा अर्धा तुकडा परत आणलाय. उरलेला अर्धा आतच राहू दे. वरची सगळी खणखण त्यानं गिळली, नुसता खर्ज उरला. आज मी चिंचेपाशी झाकण काढून वळलो, तर ही आधीच उंबऱ्यात उभी होती."