युनिट चालू आहे

कौतिकरावांच्या क्वार्टरमध्ये संगणक आला, तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी पुठ्ठ्याचा एक तुकडा कापला, त्यावर लाल पेनने 'यंत्र चालू आहे, हात लावू नये' असं लिहिलं आणि तो संगणकाच्या बटणावर चिकटवून टाकला.

"अहो, पण मग बंद कसं करायचं?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"बंद कशाले करायचं? बंद ठेवायला का आणलं?"

दीपनगरच्या वीज वसाहतीतल्या माणसाला हे उत्तर शोभून दिसलं. कौतिकराव वीज केंद्रात बॉयलरवर ऑपरेटर. एकदा पेटलेलं यंत्र विझू द्यायचं नाही, हाच त्यांचा धर्म. दिवाळी असो, बारसं असो, सख्ख्या मेहुण्याचं लग्न असो, युनिट चालू आहे म्हटल्यावर कौतिकराव ड्यूटीवर. 'ट्रिप' म्हणजे युनिट अचानक बंद पडणं; हा शब्द ते घरात काढू देत नसत. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल संपायच्या आधीच बदलत, कारण थांबलेलं घड्याळ त्यांना बघवायचं नाही. वसाहतीतली माणसं यावरून त्यांना चिडवत, पण जपूनच चिडवत. ज्याच्या जागरणावर आपल्या डोक्यावरचा पंखा फिरतो, त्याची थट्टा फार ताणू नये, एवढं सगळ्यांना कळत होतं.

संगणक आणला होता पुष्पाबाईंसाठी. लग्नाआधी त्यांनी मराठी टायपिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास केली होती. पुढे ती बोटं कळण्याच्या भाकरी थापण्यात गुंतली ती गुंतलीच. मुलगी नांदायला गेली, मुलगा शिकायला नाशिकला गेला, तेव्हा एक दिवस त्या म्हणाल्या, "मला लग्नाच्या पत्रिका टाइप करायचं काम करायचंय. घरी बसून." कौतिकरावांनी फार चर्चा केली नाही. जळगावला गेले आणि खोकी घेऊन परत आले.

पहिलं कामही लगेच आलं. चोपड्याची भिकुअक्का म्हणजे कौतिकरावांची थोरली बहीण. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. अक्काचा फोन आला.

"पुष्पा, पहिली पत्रिका देवपुढे ठेवनी शे. गुरुवारले आमना पुनाभाऊ येई लेवाले. जमी ना? नहीतर आठे छापखाना शे."

"जमेल अक्का. छापखान्याकडे जाऊच नका," पुष्पाबाई म्हणाल्या, आणि अडकल्या.

कारण पहिलं काम, तेही नणंदेचं. ते पार पडलं तर चोपड्यापासून भुसावळपर्यंत नाव होणार. आणि नाही पडलं तर तेवढ्याच मुलखात सगळ्यांना कळणार की पुष्पाचं यंत्र शोभेचं आहे. मग दुसरं काम देतंय कोण?

यंत्र खरोखरच शोभेचं निघालं. पडद्यावरची अक्षरं विटांएवढी मोठी दिसत. रंग इतके थोडे की गणपतीचं चित्र काढलं तर सोंड कुठली आणि पोट कुठलं ते सांगावं लागे. प्रिंटर तर मुकाच. पुष्पाबाईंनी पत्रिका टाइप करून ठेवली, बोटं अजून कळफलक विसरली नव्हती, पण कागदावर काही उतरेना. शेवटी कौतिकरावांनी भुसावळला सुकदेवला फोन लावला. सुकदेव तिथे संगणकाचा क्लास चालवायचा.

"काका, मदरबोर्डची सीडी मिळालीय ना? त्यातला चिपसेटचा ड्रायव्हर, म्हणजे त्याची ओळख करून देणारा प्रोग्राम, आधी टाका," सुकदेव म्हणाला. "चिपसेट म्हणजे मदरबोर्डवरचा मुकादम समजा. संगणकाला त्याची ओळख पटली नाही तर स्क्रीन, प्रिंटर, कोणीच नीट कामाला लागत नाही. आधी मुकादम, मग बाकीचे."

"म्हणजे शिफ्ट इन्चार्ज!" कौतिकरावांना एकदम आपल्या घरचं कोणीतरी भेटल्यासारखं झालं.

त्यांनी हात धुतले, चष्मा पुसला, सीडी कडेने धरून आत सरकवली. पडद्यावर येणारी प्रत्येक ओळ ते मोठ्याने वाचत. त्यांचं काम पाहत राहावं असं होतं. कुठे घाई नाही, कुठे अंदाजपंचे नाही. सगळं आटोपल्यावर यंत्राने विचारलं, की केलेले बदल लागू व्हायला संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागेल, आत्ता करू का?

कौतिकराव वळले. चेहरा अभिमानाने फुलला होता.

"पाह्य, कसं विचारून राह्यलंय! बंद करू का म्हणून परवानगी मागतंय. याले म्हणतात शिस्त."

आणि त्यांनी 'नाही'वर टिचकी मारली.

मग स्क्रीनचा ड्रायव्हर टाकला. शेवटी तोच प्रश्न, तेच उत्तर. मग प्रिंटरचा. पुन्हा 'नाही'. विटा विटाच राहिल्या आणि प्रिंटरने तोंड उघडलं नाही.

"काढा आणि परत टाका," सुकदेव फोनवर म्हणाला. कौतिकरावांनी मुकादमाला काढलं. काढतानाही यंत्राने बंद व्हायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. मग मुकादमाला परत टाकलं. आता एकाच यादीत दोन मुकादम दिसायला लागले, आणि दोघांच्या कपाळावर पिवळं उद्गारचिन्ह.

"अलार्म आला," कौतिकराव गंभीर होऊन म्हणाले.

"जुना व्हर्जन असेल. नवा देतो, या घ्यायला," सुकदेव म्हणाला. कौतिकराव सुट्टीच्या दिवशी भुसावळला जाऊन फ्लॉप्या घेऊन आले. जुन्यावर नवा चढवला. पिवळी चिन्हं वाढली. एका साधनाचं नाव तर यंत्राला स्वतःलाच सांगता येईना. सुकदेव रोज फोनवर विचारायचा, सीडी नीट बसली का, पुढे पुढे जात गेलात का, शेवटचं बटण दाबलं का. कौतिकराव म्हणायचे, बठ्ठं केलं. पुन्हा सुरू केला का, हे मात्र त्याने कधी विचारलं नाही. आंघोळ केली म्हणणाऱ्याला अंग पुसलं का, असं कोणी विचारतं का?

इकडे यंत्र रात्रंदिवस चालूच होतं. वसाहतीत दिवे सहसा जात नाहीत, त्यामुळे ते आपणहून बंद पडायचाही प्रश्न नव्हता. ते तापू नये म्हणून स्वयंपाकघरातला टेबल फॅन त्याच्यापुढे गेला आणि पुष्पाबाई पदराने वारा घेत पोळ्या करू लागल्या. चालतं यंत्र एकटं सोडायचं नाही, हा वीज केंद्राचा नियम. म्हणून कौतिकराव ड्यूटीला निघाले की दारात चार्ज द्यायचे, पाळी बदलताना यंत्र सोपवतात तसा.

"पुष्पाबाई, युनिट चालू आहे. अलार्म आहेत पण लोड घेतंय. चार्ज घेतला?"

"घेतला बाई घेतला. डबा विसरू नका."

"असं नाही. नीट सांग."

"चार्ज घेतला."

एरवी 'अगं' म्हणणारा नवरा चार्ज देताना 'पुष्पाबाई' म्हणतो, याची त्यांना आधी गंमत वाटली. मग ते आवडायला लागलं. इतकी वर्षं संसार झाला, पण असं सरळ डोळ्यांत पाहून आपल्या हाती काही सोपवलंय, हे त्यांना आठवत नव्हतं.

बुधवार उजाडला. कौतिकराव पहिल्या पाळीला गेले आणि पाठोपाठ चोपड्याचा फोन वाजला.

"पुनाभाऊ उद्या पहिली गाडी धरी," भिकुअक्का म्हणाली. "व्हयनी ना पत्रिका?"

"होतेय अक्का," पुष्पाबाई म्हणाल्या. फोन ठेवला आणि पडद्याकडे बघत राहिल्या. सगळी पत्रिका तयार होती. कुलस्वामिनी होती, मुहूर्त होता, मामा-मावश्या होत्या. फक्त बाहेर येत नव्हती. त्यांना रडू यायला लागलं. मग रागही आला. त्यांनी पदर खोचला आणि स्वतःच सुकदेवला फोन लावला.

"सुकदेव, मी वाचत जाते, तू सांगत जा. एकेक अक्षर वाचणार आहे, कंटाळू नको."

सुकदेवने दोन्ही मुकादम काढायला लावले. मग नव्या फ्लॉपीवरून एकच टाकायला लावला. पुष्पाबाई अडखळत इंग्रजी वाचत होत्या, तो हो म्हणत होता. शेवटी तो प्रश्न आला.

"आता विचारतंय, बंद करून परत सुरू करू का. तर मी नाही म्हणते."

"काकू, नाही कशाला?"

"नाहीच म्हणायचं असतं ना?"

"कोण म्हणालं?"

"तुझे काका. दर वेळी नाही म्हणतात. चालू यंत्र बंद करत नाहीत ते."

सुकदेव इतका हसला की पुष्पाबाईंना रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. हसू आवरल्यावर म्हणाला, "काकू, माझंच चुकलं, मी विचारायला हवं होतं. अहो, ते बंद होऊन पुन्हा उठल्याशिवाय मुकादमाला ओळखतच नाही. यंत्र आणल्यापासून एकदाही बंद केलं नाही?"

"एकदाही नाही," पुष्पाबाई म्हणाल्या, आणि नकळत त्यांच्या आवाजात थोडा अभिमान आला.

त्यांनी फोन ठेवला. बाण 'हो'वर नेला आणि हात थांबला. कौतिकराव तीन वाजता परत येणार. त्यांना विचारलं तर ते नाही म्हणणार. न विचारता केलं तर जन्मात ज्या माणसाने चालतं यंत्र विझवलं नाही, त्याच्या घरातलं यंत्र त्याच्याच बायकोने विझवलं असं होणार. आणि विझलेलं पुन्हा पेटलंच नाही तर? पण चार्ज कोणाचा आहे? पुष्पाबाईंनी स्वतःलाच विचारलं. मग कुलस्वामिनीचं नाव घेतलं आणि टिचकी मारली.

पडदा काळाठिक्कर पडला. पुष्पाबाईंना तिथे उभं राहवेना, म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि चहाचं आधण ठेवलं. ते उकळायच्या आत बाहेरच्या खोलीत टुणकन आवाज झाला. धावत येऊन पाहतात तर अक्षरं मोत्यासारखी बारीक, गणपतीची सोंड सोंडेच्या जागी, पिवळं चिन्ह एकही नाही. प्रिंटर घसा खाकरल्यासारखा आवाज करत होता. त्यांनी कागद लावला आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी ओळीओळीने बाहेर आली.

कौतिकराव दारात आले, तेव्हा पुष्पाबाई पत्रिका हातात धरून उभ्याच होत्या. त्यांनी बूट काढायचीही वाट पाहिली नाही.

"मी बंद केलं. मग चालू केलं. मग सगळं झालं."

कौतिकरावांनी आधी पडद्याकडे पाहिलं. मग पत्रिकेकडे. मग बायकोकडे.

"बंद केलं?"

"चार्ज माझा होता."

"पूर्ण बसवलं, म्हणजे विझवलं? आणि परत पेटवून चढवलं?"

"हो."

"सोबत कोण होतं?"

"कोणी नाही. एकटीच होते."

कौतिकराव आल्या पावली वळले आणि बूट वाजवत निघून गेले. पुष्पाबाई दारात उभ्या राहिल्या. पत्रिका झाली याचा आनंद कुठल्या कुठे पळाला. जेवण गार झालं. चार वाजले, पाच वाजले. रागावून कधी घर न सोडणारा माणूस आज उपाशी गेला, म्हणून त्यांनीही घास तोंडात घातला नाही.

सहाच्या सुमाराला पायऱ्यांवर बरेच बूट वाजले. पुढे कौतिकराव, मागे त्यांच्या पाळीचे सगळ्यांत जुने तोतारामनाना, आणि त्यांच्या मागे बॉयलरवरचे आणखी दोघं. चौघांनीही दारात चपला-बूट काढले, देवळात जावं तसे. आत येऊन संगणकापुढे उभे राहिले.

"हेच का?" तोतारामनानांनी हळू आवाजात विचारलं.

"हेच," कौतिकराव म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "नाना, एकटीनं बसवलं आणि एकटीनं चढवलं. माणूस नाही, मदत नाही. चालतं यंत्र तर कोणीबी चालवतं हो. विझलेलं पेटवायले छाती लागते. मले विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. बरं झालं, नाही विचारलं."

पुष्पाबाईंना हुंदका आला, तो त्यांनी पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात नेऊन आवरला. त्या परत आल्या तेव्हा चौघंही ओळीने बसले होते आणि त्यांच्याकडे आदराने बघत होते.

"वहिनी, एक विचारू?" तोतारामनाना म्हणाले. "आमचं युनिट बसलं तर परत चढवताना सगळ्या शिफ्टचा जीव जातो. कधी कधी दुसरा दिवस उजाडतो. तुम्हाले किती वेळ लागला?"

"गॅसवर चहाचं आधण ठेवलं होतं ना," पुष्पाबाई संकोचून म्हणाल्या, "ते उकळायच्या आत."

एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. तोतारामनानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ते पाहून पुष्पाबाईंना वाटलं, यांचा विश्वास बसलेला दिसत नाही. त्या खुर्चीकडे वळल्या.

"थांबा, पुन्हा बंद करून दाखवते."

"नको!" चौघंही एकदम उठले. कौतिकराव तर दोन्ही हात पसरून यंत्राच्या आडवे झाले.

"नको वहिनी," तोतारामनाना कपाळावरचा घाम पुसत म्हणाले. "आहे चालू तोवर आमच्या पोराच्या, भिकनच्या लग्नाची पत्रिका करून घ्या."