अजून तल्लख

"मामा, तुमची बुद्धी अजून तल्लख आहे हो," असं म्हणून मास्तरांनी धुतलेला कोट हातावर टाकला आणि ते निघून गेले.

मामांची लॉन्ड्री होती. कपड्यांना चिठ्ठी लावणं त्यांना मान्य नव्हतं. कॉलर बघितली की माणूस आठवायचा. खिशात सापडलेली वस्तूसुद्धा धुलाईनंतर बिनचूक त्याच खिशात परत जायची. मुलगा चिठ्ठ्यांसाठी कधीचा मागे लागला होता. "मी चुकलो की लाव," हे मामांचं ठरलेलं उत्तर.

जेवताना मामांनी सहज सांगावं तसं सांगितलं, "मास्तर आज मला तल्लख म्हणाले."

"नुसतं तल्लख, की अजून तल्लख?" मामींनी विचारलं.

"अजून."

"मग झालं. अहो, पोराला हुशार म्हणतात, तरण्याला चलाख म्हणतात. तल्लखच्या आधी अजून लागलं, की समजावं लोक वाट बघायला लागलेत."

"कसली?"

"ते तुम्हाला कळायला हवं. तल्लख आहात ना."

मामांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मुलगा खाली मान घालून जेवत राहिला, पण त्याचे कान टवकारलेले होते.

दुसऱ्या दिवशी दातांचे डॉक्टर पांढरा कोट न्यायला आले. मामांचा हात आपणहून बरोबर कोटाकडे गेला. तेवढ्यात मनात आलं, नक्की हाच ना? हात मागे आला आणि शेजारचा कोट घेऊन पुढे गेला. तो केशकर्तनालयवाल्यांचा होता; डॉक्टरांचा मग त्यांच्याकडे गेला. डॉक्टरांनी दवाखान्यात पेशंटला तोंड उघडायला सांगून खिशात हात घातला, तर वस्तरा निघाला. पेशंट तोंड मिटून घरी गेला. तिकडे दाढीच्या साबणात माखलेल्या गिऱ्हाइकाला दात उपटायचा चिमटा दिसला. ते तसंच रस्त्यावर आलं.

"बाबा, चुकलात," मुलगा म्हणाला. मामा घरी जाऊन बसले. त्यांना फार वाईट वाटलं होतं.

मुलाने त्याच दिवशी प्रत्येक कपड्याला कागदी चिठ्ठी टाचली आणि सगळं मशीनमध्ये टाकलं. चिठ्ठी धुलाईत टिकणाऱ्या कापडाची लागते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. कागदाचा लगदा झाला, शाई उतरली आणि कपड्यांचा ढीग बिनवारशी झाला. दारात गिऱ्हाइकं जमली. शेवटी तो घरी आला.

"बाबा, चला. सगळे कपडे ओळखलेत तर चिठ्ठीचं नाव काढणार नाही."

"आणि एखादा राहिला तर?"

"तर दुकानाची किल्ली माझ्याकडे."

मामांनी अंगातला कोट काढून टेबलावर टाकला, बाह्या सरसावल्या आणि सुरुवात केली. हा ठेकेदारांचा, बटण वेगळ्या दोऱ्याचं आहे. ही पोस्टातल्या बाईंची साडी, काठाला शाई लागते. विचार करायला वेळच नव्हता, म्हणून एकही चूक झाली नाही. गिऱ्हाइकं पांगली. मास्तर तेवढे कौतुकाने बघत थांबले.

टेबलावर एक करडा कोट उरला होता.

मामांनी कॉलर पाहिली, अस्तर पाहिलं, वासही घेतला. माणूस काही आठवेना. मुलाने किल्लीसाठी हात पुढे केला नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

डबा घेऊन आलेल्या मामी दारातूनच म्हणाल्या, "अहो, घाला तो अंगात. गार वारा सुटलाय."

मुलगा म्हणाला, "गिऱ्हाइकांचे ओळखायचं ठरलं होतं. घरच्याचं काही ठरलं नव्हतं." त्याने एक कोरी चिठ्ठी घेतली, तिच्यावर 'आमचे' लिहिलं आणि कोटाच्या आत टाचली. मामांनी टाचू दिली.

मास्तर मनापासून म्हणाले, "काही म्हणा, मामा, बुद्धी तल्लख आहे तुमची."

मामा बाहीत हात घालता घालता थांबले.

"अजून म्हणा, मास्तर," ते म्हणाले. "अजून म्हणा."