चोवीस सेकंदांचे कुलथेसाहेब

कुलथेसाहेबांबरोबर हॉटेलात जायचं असेल, तर काय खायचं ते घरूनच ठरवून निघावं लागतं. त्यांच्या गळ्यात स्टॉपवॉच असतं. कुवेतला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्यासमोर बसून बिर्याणी की थाळी असा विचार करत होतो, तेवढ्यात ते घड्याळ पिप-पिप वाजलं.

"चोवीस सेकंद झाले, गायकवाड. कुरवाळू नका, टाका."

काय टाकायचं ते मला कळेना. मी घाबरून नुसतं पाणी मागवलं.

साहेब मूळचे नाशिकचे, इथल्या रिफायनरीत इंजिनिअर. मी उदगीरकडचा, घरातला पहिला पदवीधर, त्यांच्या हाताखाली. चालत्या पंपाच्या आवाजावरून त्याचं दुखणं ओळखायला त्यांनी मला शिकवलं, ते उपकार मी विसरणार नाही. बास्केटबॉलही त्यांनीच शिकवला. आमच्या शाळेत कबड्डी आणि खो-खो एवढेच खेळ होते.

त्यांचा मुलगा निनाद बारावीत आहे आणि शाळेच्या बास्केटबॉल संघाचा कप्तान आहे. इथल्या आंतरशालेय सामन्यांत चेंडू किती वेळ स्वतःकडे ठेवायचा याला बंधन नाही. त्यामुळे दोन गुणांची आघाडी मिळाली की निनादचा संघ चेंडू बास्केटकडे मारतच नाही. हा त्याला देतो, तो ह्याला देतो, निनाद मधोमध उभा राहून टप टप आपटत राहतो आणि शेवटची चार मिनिटं तशीच सरतात. साहेबांचं म्हणणं, मोठ्यांच्या सामन्यांत असतं तसं शॉट क्लॉक इथेही लावा. चोवीस सेकंदांत चेंडू मारा, नाहीतर समोरच्यांना द्या.

मला ते लगेच पटलं. कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर गडी बाद. हे सांगितल्यावर साहेब खूश झाले. म्हणाले, "उदगीरला जे कळतं ते इथल्या प्रिन्सिपल लोकांना कळत नाही."

त्यांच्या चोवीस सेकंदांतून कुणी सुटत नसे. पाहुणे दारात चपला घालून पुन्हा गप्पांना लागले की साहेब घड्याळ सुरू करत. शर्कच्या मासळीबाजारात वहिनी पापलेटाचे कल्ले उघडून बघायला लागल्या की तिथेही तेच. वहिनी मुकाट्याने ते पापलेट खाली ठेवून दुसरं उचलत. "एक दिवस त्या घड्याळाचंच कालवण करणार आहे मी," एवढंच मला म्हणत.

सामन्याला ते निनादच्या संघाच्या पालकांत बसत आणि निनादच्याच विरुद्ध ओरडत. "अरे मार! अंडं उबवतोयस का?" एकदा शेजारच्या एका बाईंनी वैतागून हिंदीत विचारलं, तुमचा मुलगा कुठल्या संघात आहे? साहेबांनी अभिमानाने निनादकडे बोट दाखवलं. बाई उठून दोन रांगा मागे जाऊन बसल्या.

शेवटी त्यांनी शाळांच्या क्रीडा समितीला अर्ज दिला. तो मी सात वेळा टाइप केला. समितीने सभा बोलावली. चार शाळांचे चार प्रतिनिधी आणि पालकांतर्फे साहेब. अर्जाचे कागद सांभाळायला मी. मतं घेतली तर दोन शाळा बाजूने, दोन विरुद्ध; पाचवं मत साहेबांचं. समितीच्या अध्यक्षबाई साहेबांकडे बघून हसल्या. आता त्यांनी हात वर करायचा आणि आम्ही चहा प्यायचा, एवढंच उरलं होतं.

साहेब उठले. सावकाश पाणी प्यायले. म्हणाले, एक शंका आहे. घड्याळ कोण चालवणार? क्रीडाशिक्षक, असं उत्तर मिळालं. त्यांना ऐन वेळी शिंक आली तर? वाळूचं वादळ आलं तर आकडे दिसतील का? अध्यक्षबाई म्हणाल्या, सामने बंदिस्त हॉलमध्ये असतात. दार कुणी उघडं ठेवलं तर, असं साहेबांनी विचारलं. मी त्यांची बाही ओढली, त्यांनी ती सोडवून घेतली आणि चौकोनी घड्याळ बरं की गोल, या मुद्द्याला हात घातला. मग सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाली आणि इमारतीचा राखणदार किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात येऊन उभा राहिला. विषय पुढच्या वर्षावर गेला.

आम्ही साहेबांच्या गाडीने घरी निघालो. फहाहीलच्या वळणावर मला राहवेना. म्हटलं, "साहेब, नुसता हात वर केला असता तरी झालं असतं."

"झालं असतं हो," ते म्हणाले. "मग घरी जाऊन निनादशी काय बोललो असतो मी?"

वहिनींनी मलाही जेवायला बसवून घेतलं. निनाद कानाला हेडफोन लावून मोबाइलमध्ये बघत जेवत होता. कॅनडाच्या कॉलेजचं पत्र आलं का, असं साहेबांनी विचारलं. "येस." कधी जायचं? "ऑगस्ट." आणि फॉर्म? "डन." मोबाइलवरची नजर हलली नाही. वहिनींनी त्याला वरण वाढलं. साहेबांनी पोळीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडे बघत जरा मोठ्याने म्हणाले, "काही म्हणा गायकवाड, चेंडू धरून बसणं हा भेकडांचा खेळ."

निनादने हेडफोन काढले.

"भेकड कसा, बाबा? मारायला काय, कुणीपण मारेल. पाच जण अंगावर येत असताना चार मिनिटं तो कुणाला घेऊ न देणं, ते करून दाखवा तुम्ही."

दोन वर्षांत त्याच्या तोंडून मराठी मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"त्यात काय आहे एवढं?" साहेब म्हणाले.

निनादने ताट बाजूला सारलं. चार वाट्या आणि लोणच्याची बरणी मांडून आपला संघ टेबलावर उभा केला, आणि कोण कुठून कुठे पळतं ते बोट फिरवून सांगू लागला. वरण निवत चाललं होतं. त्याचं सगळं सांगून होत आलं, तेव्हा साहेबांनी एक वाटी अलगद भलत्याच जागी सरकवली.

"तसं नाही हो, बाबा," म्हणत निनादने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.