अनंतभटांची घटका

"घटकाभर बसा हो माझ्याजवळ," आनंदीबाई अंथरुणातून म्हणाल्या, आणि तशातही अनंतभटांच्या कपाळाला आठी पडली.

कसब्यातल्या लग्नांची वेळ अनंतभट मोजत. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. त्यांच्या आजोबांच्या काळी घटका म्हणजे हीच, साठ पळांची, एक पळ इकडे नाही की तिकडे नाही. आता पेशवाईच्या भरभराटीत जो तो 'घटकाभर टेकतो' म्हणून दुपारभर घोरत पडे. शब्दाची ही धूळधाण पाहून भटांच्या अंगाचा तिळपापड होई.

"पलीकडच्या आळीतलं लग्न लावून येतो. सूर्योदयापासून एक घटका, मोजून," ते म्हणाले. वैद्यांनी आजचा दिवस कठीण सांगितला होता. शेजारच्या तुळजाबाईंना उशाशी बसवून ते निघाले खरे, पण पाय निघत नव्हता.

मांडवात वधूची आई कुसुमबाई यांनी वाटीची पूजा केली. एकुलती लेक, म्हणून ओलं हळदकुंकू अगदी हात सैल सोडून वाहिलं. सूर्य उगवताच भटांनी वाटी पाण्यावर सोडली. मंगलाष्टकं झाली, पुन्हा झाली, तिसऱ्यांदा झाली. वाटी कोरडी ठणठणीत. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले. श्लोक संपले तेव्हा भटजींनी आरत्या काढल्या.

"अनंतभट, बारसंही आजच उरकायचं का?" वरपिता यज्ञेश्वरपंतांनी विचारलं.

"भरत्या वाटीला शिवायचं नसतं," भट पुटपुटले. पण ऊन मांडवात शिरलं आणि त्यांचा धीर सुटला. चाळीस वर्षांत केलं नव्हतं ते त्यांनी केलं. वाटीत बोट घातलं, भोकात बसलेला हळदीचा गोळा खरवडला आणि वाटी सरळ दाबून बुडवली.

"भरली!" ते ओरडले, आणि अक्षता पडायच्या आत अनवाणी पळत सुटले.

घरी आनंदीबाईंना धाप लागली होती. "आलात? किती वेळ झाला?"

"घटकाभर," भट म्हणाले.

"आणि ऊन अंथरुणावर आलंय ते?"

"त्यालाच आज घाई आहे."

त्या हसल्या. भट त्यांचा हात धरून बसले. थोड्या वेळानं तो हात गार पडला, तरी त्यांनी तो सोडला नाही. भटांना उठवायचा धीर तुळजाबाईंना झाला नाही.

शेवटी अंत्यविधीसाठी उपाध्ये आले. "कधी गेल्या?" त्यांनी हलकेच विचारलं.

"आत्ताच," भट म्हणाले. "घटकाभर झाला असेल."

बाहेर तिसरा प्रहर उलटून गेला होता. उपाध्यांनी तुळजाबाईंकडे पाहिलं, मान हलवली आणि मृत्यूची वेळ तेवढीच धरली.